पाककृतीच्या पुस्तकात बियाण्याचेही पान असावे

गेल्या दिवाळीत मी मुलीसाठी मराठी पदार्थांचे एक देखणे, जाड कागदाचे पुस्तक विकत घेतले. ज्वारीच्या भाकरीला त्यात अवघ्या चार ओळी होत्या: पीठ कोमट पाण्यात मळावे, थापावे, तव्यावर टाकून वरून पाणी फिरवावे, दोन्ही बाजूंनी भाजावे. मुलीने पुण्यातल्या खोलीवर तीनदा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा भाकरी परातीतून उचलतानाच तुटली. लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातल्या आमच्या गावाहून आईने फोनवर तिला एकच प्रश्न विचारला, "कवा दळलंय पीठ?" पीठ दीड महिन्यापूर्वीचे होते. "मग इरी गेली की त्याची. पाणी उकळून घाल, उकड काढ, मग थाप."

त्या संध्याकाळी भाकरी झाली. इरी म्हणजे पिठाचा चिकटपणा. ज्वारीत गव्हासारखे ग्लुटेन नसल्यामुळे भाकरीला धरून ठेवण्याचे काम पिष्ट आणि गरम पाणी यांनाच करावे लागते, आणि दळण जितके शिळे तितके ते अवघड होते, एवढीच ती गोष्ट. पण ज्याने आयुष्यात कधी भाकरी थापलेली नाही त्याच्यासाठी लिहिलेल्या पुस्तकात नेमकी तीच गोष्ट नसावी, याचे मला मनापासून वाईट वाटले.

मराठी पाकपुस्तकांचे ऋण मी नाकारत नाही. कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७० साली आली आणि तिच्यातल्या वाटी-चमच्याच्या मापाने स्वयंपाकघरात नव्याने उभ्या राहिलेल्या कितीतरी मुलींना आत्मविश्वास दिला. आमच्याकडची प्रत अजूनही हळदीच्या डागांसह कपाटात आहे. माझी तक्रार वेगळी आहे. आपली बहुतेक पुस्तके पाककृती सुरू करतात ती ओट्यापासून, म्हणजे जिन्नस घरात आल्यानंतर. मराठवाड्याचा स्वयंपाक मात्र शेताच्या बांधावर, परसात आणि गिरणीत निम्मा झालेला असतो. 'ज्वारीचे पीठ दोन वाट्या' असे लिहिले की रब्बीची मालदांडी आणि काढणीच्या पावसात काळी पडलेली खरिपाची हायब्रीड एकाच मापात जातात, आणि भाकरी खाणाऱ्याला तर दोन्हींतला फरक पहिल्या घासाला कळतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने लोह आणि जस्त अधिक असलेले 'परभणी शक्ती' हे वाण दिले. अशा वाणाचे नाव पाककृतीत साहित्याच्या यादीत मी अजून वाचलेले नाही.

अंबाडीचे उदाहरण घेतो, कारण ते मला सगळ्यात जवळचे आहे. पुस्तकातली भाजी अशी: पाने उकडावीत, आंबट पाणी पिळून टाकावे, ज्वारीच्या कण्या आणि तुरीची डाळ घालून शिजवावे, वरून लसणाची फोडणी द्यावी. हे बरोबरच आहे. पण पाने कोवळी असताना किती आंबट असतात आणि झाड फुलावर आल्यावर किती, त्यावरून पाणी किती पिळायचे हे ठरते, आणि ते झाड डोळ्यांसमोर असल्याशिवाय समजत नाही. मृगाच्या पावसावर तुरीच्या ओळींत चार दाणे टाकले की अंबाडी येते. शेंडा खुडत राहिले की फांद्या फुटतात आणि पाने मिळत राहतात. मग लाल बोंडे येतात, त्यांची चटणी होते. खोडाच्या वाखाचे दोर वळले जात. शेवटची काही बोंडे झाडावरच वाळू दिली की पुढच्या वर्षीचे बी हाती लागते. हे सगळे भाजीच्या पानासमोरच्या पानावर यायला काय हरकत आहे? मी स्वतः संभाजीनगरच्या गच्चीत तेलाच्या रिकाम्या डब्यात अंबाडी लावतो, शेजारी चुका आणि घोळ असतात, आणि वाढत्या वयाच्या मुलांनी स्वतः खुडलेली आंबट भाजी कुरकुर न करता खाल्लेली मी माझ्याच घरात पाहिली आहे.

या बाबतीत शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे २०१५ साली आलेले पुस्तक मला फार मोलाचे वाटते. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या खाण्याची नोंद करताना त्यांनी पदार्थ कोणाच्या वाट्याला, कुठून आणि का आला हेही सांगितले. ते कळल्यावर पाककृती वाचण्याची रीतच बदलते. अशी नोंद प्रत्येक तालुक्याची, प्रत्येक समाजाची व्हायला हवी. पानचिंचोलीची चिंच, बोरसुरीची तूरडाळ आणि कास्तीची कोथिंबीर या लातूर जिल्ह्यातल्या तिन्ही जिनसांना भौगोलिक मानांकन मिळाले; आता त्या चिंचेचे सार आणि त्या डाळीचे वरण आमच्याकडे कसे करतात हे तिथल्या बायकांच्या तोंडून उतरवून घेतले पाहिजे.

मी एका वहीपासून सुरुवात केली आहे. डाव्या पानावर पेरणी, खुडणी, वाळवण आणि बी. उजव्या पानावर पदार्थ. अंबाडी झाली, येसर म्हणजे आमटीला लावायचे भाजलेल्या धान्याचे मसालेदार पीठ झाले, भाकरीच्या पानावर सर्वांत आधी दळणाची तारीख लिहायला जागा ठेवली आहे. अडले आहे ते येळवसेच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या, भज्जीपाशी. शेतात कडब्याच्या कोपीसमोर पूजा झाली की बिंदगीतल्या, म्हणजे लहान मडक्यातल्या, अंबिलीबरोबर जी भज्जी वाढतात, तिच्यात हिरवी तूर, हरभरा, वाटाणा, शेंगदाणे, मेथी, चुका, कांद्याची पात, बोरे असे जे काही रानात असेल ते पडते आणि ती चाळीस-पन्नास माणसांना पुरते. काकूंना माप विचारले तर त्या ओंजळ पुढे करून दाखवतात. यंदा मार्गशीर्ष अमावास्येच्या आदल्या रात्री त्या भाज्या निवडायला बसतील तेव्हा मी तराजू घेऊन शेजारी बसणार आहे, आणि पातेल्यात टाकण्याआधी त्यांची प्रत्येक ओंजळ तोलून घेणार आहे.