दोन ओळींच्या पडद्याचा छळ

नेटवर्कची राखण करणाऱ्या जुन्या फायरवॉल यंत्रातली मूळ प्रणाली काढून तिथे पीएफसेन्स ही मुक्त फायरवॉल प्रणाली बसवली, की सारे काही मुकाट्याने चालू लागते. अडते ते फक्त दर्शनी भागावरच्या त्या दोन ओळींच्या एलसीडी पडद्यापाशी. आतला नियंत्रक, म्हणजे पडदा चालवणारी चिप, बहुतेक वेळा हिताचीच्या एचडी४४७८० घराण्यातलाच असतो आणि त्याचे सगळे आदेश जगजाहीर आहेत. मग प्रत्येक उत्पादकाला त्याच्या तारा पॅरलल पोर्टवर (पूर्वी प्रिंटर जोडायचा तोच) वेगळ्याच क्रमाने जोडण्याचा साक्षात्कार का व्हावा? एकाने आरएस (आदेश आहे की अक्षर हे सांगणारी तार) इकडे नेली, दुसऱ्याने एनेबल (‘आता वाच’ असा इशारा देणारी) तिकडे, तिसऱ्याने बॅकलाइटच उलटा केला, आणि आराखडा मात्र कुणीही दिला नाही. जणू त्या पडद्यावर राष्ट्राची गुपिते झळकणार होती! त्यात पोर्टच्या चार कंट्रोल लाइन्सपैकी तीन मुळातच उलट्या, म्हणजे शून्य लिहावे तर बाहेर एक उमटतो. अशा पडद्यांवर मजकूर दाखवणाऱ्या एलसीडीप्रॉक या सॉफ्टवेअरच्या ड्रायव्हरमध्ये एकेक बिट फिरवत बसावे, साध्या आदेशाला ३७ मायक्रोसेकंद पुरत असले तरी पडदा पुसण्याच्या आदेशाला सुमारे दीड मिलिसेकंद द्यावे लागतात हे ध्यानात ठेवावे, तेव्हा कुठे अक्षरे दिसतात; आणि पुढच्याच अपडेटनंतर, इतक्या कष्टाने कंपाइल केलेला तो ड्रायव्हर नव्या प्रणालीला ओळखही दाखवत नाही. पुन्हा पहिल्या ओळीत काळ्या चौकोनांची रांग! शेजारच्या बटणांबद्दल तर बोलायलाच नको: त्यांचे संकेत कुठल्या बिटवर येतात, हा शोध अजून बाकीच आहे.