पट्ट्यावर १५५३ कोरलंय म्हणून प्लास्टर १५५३ चं होत नाही

सोळाव्या शतकातला इटालियन शिल्पकार बेनवेनुतो चेल्लिनी याच्या ‘पर्सियस’ या ब्राँझ पुतळ्याच्या (मेदूसा राक्षसिणीचं डोकं कापणारा ग्रीक पुराणातला वीर) एका प्लास्टर प्रतीचा फोटो सध्या खूप फिरतोय. खालचा मजकूर थोडक्यात असा: छातीवरच्या पट्ट्यावर १५५३ साल आहे, फ्लॉरेन्सचा ब्राँझ पुतळा लोकांसमोर आला १५५४ मध्ये, म्हणजे प्लास्टरच आधीचं. त्यातच ब्राँझ ओतलं. आणि तसं नसेल तर ती नुसती नक्कल, कवडीमोल.

आधी सालाचं पाहू. पट्ट्यावर चेल्लिनीचं नाव आणि रोमन आकड्यांत १५५३ आहे, हे खरं. पण साचा अक्षरंही जशीच्या तशी उचलतो. ब्राँझवरून तो कधीही घेतला तरी पट्ट्यावर १५५३ च येणार. प्रतीचं वय पाहायचं तर ती मागून आणि तळाकडून बघावी: आतले लोखंडी गज, गोणपाटाचे थर, कुठे ओतणाऱ्याचा शिक्का. शिवाय ब्राँझ ओतून झाल्यावर ते छिन्नी-कानसीने साफ करतात. धातूवरच्या त्या बारीक खुणा प्लास्टरवर दिसत असतील, तर प्लास्टर नंतरचं, यात शंका नको.

‘त्यातच ब्राँझ ओतलं’ हे तर शक्यच नाही. घट्ट झालेल्या प्लास्टरमध्ये वजनाच्या सुमारे २१ टक्के पाणी बांधलेलं असतं. हजार अंशांवरचा धातूचा रस त्यावर पडला की वाफ होणार, साचा तडकणार. साच्याच्या मिश्रणात जिप्सम (प्लास्टर ज्यापासून बनतं ते खनिज) वापरलं तरी विटेची पूड वगैरे घालून तो आधी नीट भाजावा लागतो. चेल्लिनीने मातीचा गाभा थोडा बारीक ठेवून त्यावर मेण चढवलं, वरून मातीचं कवच केलं. मेण वितळून गेलं आणि त्या पोकळीत ब्राँझ गेलं. पूर्ण आकाराचा मेणाचा पुतळा त्यातच संपला. फ्लॉरेन्सच्या बार्जेल्लो संग्रहालयात आहेत ते मेणाचे आणि ब्राँझचे छोटे नमुने. रस घट्ट व्हायला लागला तेव्हा त्याने घरातली कथलाची ताटं भट्टीत टाकली, तरी उजव्या पायाची बोटं नीट उतरली नाहीत, असं त्याने स्वतःच लिहिलंय.

‘आधी प्लास्टर’ हे काही शिल्पकारांबाबत मात्र खरं आहे. इटालियन शिल्पकार कानोव्हा याची, त्याच्या पोसान्यो या गावातली प्लास्टरं मूळ नमुने आहेत आणि त्यांवर मोजमाप संगमरवरात नेण्यासाठी ठोकलेले धातूचे खिळे आजही दिसतात. तो प्रकार वेगळा.

आता नंतरची प्रत कशी होते ते. पर्सियसचा वर केलेला हात, त्यातलं मेदूसाचं डोकं, तलवार, शिरस्त्राणाचे पंख, सगळीकडे खाचा. अख्खा साचा निघणारच नाही, म्हणून तो तुकड्यांचा करतात. प्रत्येक तुकडा सरळ ओढून निघेल इतकाच ठेवायचा, कडेला खुंटी-खाच द्यायची आणि सगळे तुकडे बाहेरच्या जाड कवचात बसवायचे. पृष्ठभागावर साबण नि तेलाचा पातळ हात. जाड लागला तर बारीक रेषा बुजतात, कमी पडला तर प्लास्टर चिकटतं. एकोणिसाव्या शतकात जिलेटिनचे लवचीक साचेही आले. ते खाचांतून सहज निघतात, पण आकसतात आणि थोड्याच प्रतींनंतर निकामी होतात.

ओतताना १०० भाग प्लास्टरला वजनाने साधारण ६० ते ७० भाग पाणी. प्लास्टर पाण्यात भुरभुरायचं, पाणी प्लास्टरवर नाही, नाहीतर गुठळ्या होतात. पहिला पातळ हात ब्रशने, म्हणजे हवेचे बुडबुडे राहत नाहीत. मागून गोणपाट आणि गज. हात, तलवार वेगळे ओतून मग सांधतात. ब्राँझमध्ये बारीक तलवार हवेत उभी राहते, प्लास्टरमध्ये गजाशिवाय नाही. तुकड्यांच्या सांध्यांवर प्रतीत बारीक उंच रेघा येतात. कारागीर त्या खरवडतो, काही वेळा मुद्दाम ठेवतो.

‘प्रत आकसून लहान होते’ असंही त्या मजकुरात आहे. उलटं आहे. प्लास्टर घट्ट होताना साधारण ०.२ ते ०.३ टक्के फुगतं. तीन मीटरच्या आकृतीत हे जास्तीत जास्त ६ ते ९ मिलिमीटर. आकसतं ते ब्राँझ, थंड होताना दीड-दोन टक्के. म्हणून ब्राँझवरून घेतलेली ब्राँझ प्रत मोजून ओळखता येते.

राहिला ‘कवडीमोल’चा मुद्दा. १८६७ मध्ये पॅरिसला युरोपातल्या पंधरा राजपुत्रांनी कलाकृतींच्या प्रतींच्या देवाणघेवाणीच्या करारावर सह्या केल्या आणि १८७३ मध्ये आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लंडनच्या संग्रहालयात प्रतींची दालनं उघडली. आपल्या जे.जे.मध्येही विद्यार्थी प्लास्टरच्या प्रतींवरूनच रेखाटन शिकले. त्याहून ठोस कारण असं: मूळ ब्राँझ फ्लॉरेन्समध्ये उघड्या लॉजियात (कमानींच्या मोकळ्या मंडपात) पावसा-धुरात उभं आहे, १९९० च्या दशकात त्याची मोठी दुरुस्ती झाली. त्याआधी साचा घेतलेली प्रत म्हणजे त्या काळच्या पृष्ठभागाची नोंद. आज नवा साचा घ्यायला परवानगी मिळणं अवघड, कारण साबण-तेलाने ब्राँझचा रंग बिघडतो. त्याऐवजी लेझर स्कॅन करतात.

फोटोतल्या प्रतीवरचे तपकिरी डाग आतले गज गंजल्याचे आहेत. गंज फुगला की प्लास्टर फुटतं. त्यावर ओलं फडकं मारू नये. जिप्सम पाण्यात थोडं विरघळतं आणि पट्ट्यावरची अक्षरं आधी जातात.