‘शेकडेवारी घोटून काय मिळतं?’ असं विचारणाऱ्या निरोपाला उत्तर

शाळा सुरू झाल्या की आमच्या हर्णै-आंजर्ले भागातल्या पालकांच्या गटांवर एक निरोप फिरू लागतो. यंदा तो मला पाच ठिकाणांहून आला. त्यातले दोन तर माझ्या पडवीत गणिताला बसणाऱ्या मुलांच्या आयांनी पाठवले होते. निरोप थोडक्यात असा: ‘पाचवी ते आठवीच्या मुलांकडून पाढे, त्रैराशिक, गुणोत्तर, शेकडेवारी घोटून घेणं थांबवा. एक, प्रत्येकाच्या खिशात कॅल्क्युलेटर आहे. दोन, संकल्पना समजली की सराव कशाला? तीन, हे गणित पुढे आयुष्यात कुणाला लागत नाही. चार, गणित रक्तात असावं लागतं, घोटून येत नाही. आणि आपलं कोकण बोर्ड दरवर्षी राज्यात पहिलं येतं, मग चिंता कसली?’

मी शाळेत शिकवत नाही. घरच्या आंब्याचा आणि दिरांच्या होडीचा हिशेब वीस वर्षं लिहिते आहे, आणि संध्याकाळी पाचवी ते आठवीची आठ-दहा मुलं पडवीत घेऊन बसते. मुलांवरचं ओझं कमी व्हावं असं निरोप पाठवणाऱ्यांना वाटतं, हे मला कळतं. पण यातला एकेक मुद्दा मला चुकीचा वाटतो, आणि त्याची किंमत ही मुलंच मोजणार आहेत, म्हणून लिहिते.

आधी कॅल्क्युलेटर. पावसाळ्यात कोळेरोगाने सुपारी गळते, म्हणून मिरगाच्या आधी पोफळीच्या (सुपारीच्या झाडाच्या) घोसांवर एक टक्क्याचं बोर्डो मिश्रण फवारतात. प्रमाण ठरलेलं आहे: १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि १ किलो चुना. यंदा एका पंपापुरतंच करायचं होतं, आणि पाठीवरचा पंप १५ लिटरचा. आठवीतला एक मुलगा समोर होता, त्याला विचारलं, मोरचूद किती घेऊ? त्याने फोन काढला, १५ चा १ टक्का केला, पडद्यावर ०.१५ आलं. म्हणाला, “काकी, पॉइंट पंधरा ग्रॅम.” फोनचं काही चुकलं नव्हतं. ते ०.१५ किलो होते, म्हणजे १५० ग्रॅम. उत्तर हजार पटींनी चुकलं आणि त्याला काही वावगं वाटलं नाही. सातवीतली एक मुलगी शेजारी चुना तोलत होती. ती म्हणाली, “शंभर लिटरला किलोभर, मग पंधरा लिटरला चिमूटभर कसं होईल रे?” तिने काही आकडेमोड केली नव्हती. दहा लिटरला शंभर ग्रॅम, पाचाला पन्नास, हे तिच्या सवयीचं झालं होतं, म्हणून ते उत्तर तिला लगेच खटकलं.

मी सराव घेते तो या खटकण्यासाठी. उत्तर काढायला यंत्र आहेच, ते वापरावं, मीही वापरते. पण आलेलं उत्तर शक्य आहे की नाही, हे यंत्र सांगत नाही. यंत्रांची रीतसुद्धा एक नसते. साध्या कॅल्क्युलेटरवर २ + ३ × ४ ओळीने दाबलं तर २० येतात, फोनवरच्यात १४ येतात. २०० + १० टक्के दाबलं तर कुठे २२० दिसतात, कुठे २००.१. यातलं आपल्याला हवं ते कोणतं, हे दाबणाऱ्याला आधी माहीत असावं लागतं.

आणि पुष्कळदा तर कॅल्क्युलेटर बाहेर निघतच नाही, कारण इथे काही प्रश्न आहे असंच वाटत नाही. मी या घरात नवी होते तेव्हाची गोष्ट. आंबा एकाच व्यापाऱ्याला जायचा. एका वर्षी पेटीचा २००० चा भाव त्याने ३० टक्क्यांनी उतरवला. पुढच्या हंगामात माणूस घरी आला, ओटीवर बसून चहा घेतला आणि म्हणाला, “गेल्या साली तीस टक्के कमी केले होते, यंदा तीस टक्के वाढवतो. हिशेब बरोबर झाला ना?” सासऱ्यांनी मान हलवली. मीही तिथेच होते, पदवीधर होते, आणि मलाही ते बरोबर वाटलं. २००० चे १४०० झाले होते. १४०० वर ३० टक्के म्हणजे ४२० वाढले आणि भाव १८२० ला थांबला. पुन्हा २००० व्हायला ४३ टक्क्यांच्या आसपास वाढ लागली असती. पेटीमागे १८० रुपये, ८० पेट्यांचे १४,४०० रुपये गेले. हंगाम संपल्यावर वह्या लावताना मला ते दिसलं आणि पोटात खड्डा पडला. त्या दिवशी ओटीवर बसलेल्या एकालाही ‘तीस टक्के कशाचे?’ असं विचारावंसं वाटलं नव्हतं. खिशात दहा कॅल्क्युलेटर असते तरी काय झालं असतं?

आता दुसरा मुद्दा, संकल्पना समजली की पुरे. टक्का म्हणजे शंभरातले किती, हे सहावीतलं कुठलंही मूल धडाधड सांगतं. मग मी विचारते: २० टक्के सूट देऊन छत्री ४८० ला मिळाली, मूळ किंमत किती? दहातली सात-आठ मुलं ४८० वर २० टक्के चढवून ५७६ सांगतात. त्यांना म्हणते, ५७६ वर २० टक्के सूट देऊन बघा. ४६०.८० येतात आणि मुलं गप्प होतात. मूळ किंमत ६००. व्याख्या त्यांना पाठ होती, समजलीही होती. आधार कोणता धरायचा, शंभर कुणाला म्हणायचं, हे मात्र तीन-चारदा चुकून, उलटसुलट करून, मग पुन्हा आठवड्याने तेच वेगळ्या रूपात समोर आल्यावर अंगी लागतं. पोहणं कसं असतं हे समजून कुणी खाडी ओलांडत नाही.

दुसरंही एक कारण आहे. एका वेळी डोक्यात फार थोड्या गोष्टी धरता येतात. सात आठे किती यावर जो अडतो, त्याच्या हातून गणिताचा धागा तिथेच सुटतो. छप्पन्न आठवेपर्यंत आपण छप्पन्न कशाला काढत होतो तेच तो विसरतो. पाढे पाठ असले की विचार करायला जागा उरते. म्हणून ‘पाठांतर की समज’ हा वाद मला पटत नाही. माझ्यासमोर बसलेल्या मुलांत दोन्ही एकमेकांच्या आधाराने वाढताना मी बघते.

या मुद्द्यात एक खरी गोष्ट मात्र आहे आणि ती मान्य करायलाच हवी. एकाच साच्याची चाळीस गणितं एका बैठकीत सोडवायला लावणं, हा सराव नव्हे. तिसऱ्या गणितापासून मूल वाचणंच सोडतं, वरच्या ओळीसारखं खाली करत जातं. असा सराव घेतलेल्या मुलांना मी एक प्रश्न घालते: दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीने एका गाडीला दहा मिनिटं लागली, तर त्याच बोटीत चढलेल्या चार गाड्यांना किती लागतील? चाळीस मिनिटं, असं उत्तर येतं. लगेच पुढचा: चार जणांना जाळं दुरुस्त करायला सहा दिवस लागतात, तर तिघांना किती? साडेचार. माणसं कमी झाली आणि काम लवकर संपलं! (उत्तर आठ दिवस.) दोन संख्या दिसल्या की गुणायचं-भागायचं, एवढंच त्यांच्या हाती उरलेलं असतं.

अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातल्या सातवीच्या ५४ वर्गांवर डग रोहरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर प्रयोग केला होता. दोन्ही गटांना गणितं तीच, फक्त एका गटाला एका प्रकारची सलग आणि दुसऱ्याला वेगवेगळ्या प्रकारांची मिसळून. महिन्याभराने न सांगता चाचणी घेतली तेव्हा सलगवाल्यांना सरासरी ३८ टक्के गुण मिळाले आणि मिसळलेल्यांना ६१. फरक पडला तो गणितं कशी मांडली याने. निरोप लिहिणाऱ्यांनी रटाळ सरावाबद्दल तक्रार केली असती तर मी तो निरोप स्वतः पुढे पाठवला असता. त्यांनी सरावच नको म्हटलं.

तिसरा मुद्दा, आयुष्यात लागत नाही. हे कोकणात बसून कुणी कसं म्हणू शकतं, मला कळत नाही. पेरणीआधी भाताचं बियाणं मिठाच्या पाण्यात बुडवून हलके, पोचट दाणे काढतात. ते द्रावण ३ टक्क्यांचं, १० लिटरला ३०० ग्रॅम. होडी लागली की विक्रीतून डिझेल-बर्फाचा खर्च वजा होतो आणि उरलेल्याचे वाटे पडतात. तांडेलाचे, म्हणजे होडीवरच्या प्रमुखाचे, दोन वाटे आणि चार खलाशांचा एकेक असं ठरलं असेल, तर पैशाचे सहा भाग करायचे की पाच, यावर किनाऱ्यावर भांडणं झालेली मी पाहिली आहेत.

पण सगळ्यात जास्त हे कर्जात लागतं. आमच्या बचत गटाचं व्याज शेकडा दीड, महिन्याला. म्हणजे वर्षाला १८ टक्के. गटातल्या एका बाईंना इंजिनासाठी १ लाख हवे होते. बाहेरचा एकजण म्हणाला, माझ्याकडे फक्त १२ टक्के, वर्षाला. १२ कुठे आणि १८ कुठे! बाई तिकडे निघाल्याच होत्या. आम्ही पडवीत कागद घेऊन बसलो, सोबत आठवीच्या दोन मुली. बाहेरच्याचे १२ टक्के सबंध १ लाखावर, शेवटच्या हप्त्यापर्यंत. व्याज १२,०००. गटाचं व्याज मात्र उरलेल्या मुद्दलावर. दर महिन्याला ८,३३३ रुपये मुद्दल फिटत जातं, म्हणून पहिल्या महिन्याचं व्याज १,५००, दुसऱ्याचं १,३७५, असं उतरत उतरत शेवटच्या महिन्याचं १२५. मुलींनी बारा ओळी मांडून बेरीज केली: ९,७५०. अठरा टक्केवालं कर्ज बारा टक्केवाल्यापेक्षा २,२५० रुपयांनी स्वस्त निघालं. मग त्यांतली एक म्हणाली, वर्षभरात बाईंकडे सरासरी ५४ हजारच राहिले, त्यावर १२ हजार व्याज, म्हणजे खरा दर २२ टक्क्यांच्या आसपास. हे सगळं आठवीपर्यंतच्याच पुस्तकातलं आहे. सरळव्याज, सरासरी, शेकडेवारी, याच्या पलीकडचं त्यात काही नव्हतं. ज्यांना हे येत नाही त्यांच्याकडून कुणीतरी हे पैसे वसूल करतच असतं, आणि तेही बहुधा ज्यांच्याकडे कमी आहे त्यांच्याकडूनच.

बोर्डाच्या निकालाचं थोडक्यात. २०१२ पासून कोकण विभाग दहावीत आघाडीवर आहे, याचा मलाही अभिमान आहे. पण पास होण्याची टक्केवारी मुलांना गणित किती येतं हे सांगत नाही. शिवाय हाच आकडा नीट वाचायला शेकडेवारी लागते. २०२४ ला ९९.०१ टक्के, २०२५ ला ९८.८२. उतरण ०.१९ ची, जवळजवळ काहीच नाही. पण न पास झालेल्यांकडून पाहा: ०.९९ चे १.१८ झाले, म्हणजे त्यांचं प्रमाण १९ टक्क्यांनी वाढलं. दोन्ही वाक्यं खरी आहेत. कोणतं कधी वापरलं जातंय, हे ओळखता यायला हवं.

उरला रक्ताचा मुद्दा. आमच्या शेजारचं मुर्डी हे रँग्लर परांजप्यांचं गाव. १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले, आलेले ते पहिले भारतीय. त्यांचं नाव घेऊन इकडे लोक म्हणतात, तसं डोकं देवाने द्यावं लागतं. बुद्धी कमी-अधिक असते, नाही कोण म्हणतो? पण ज्या परीक्षेत ते पहिले आले, तिच्यासाठी त्या काळी विद्यार्थी खासगी शिक्षकांकडे वर्षानुवर्षं उदाहरणं सोडवत बसत. देणगी असलेल्यांनाही सराव चुकला नव्हता. आणि इथे आपण बोलतोय ते सातवीच्या शेकडेवारीबद्दल. तिला रँग्लरचं डोकं लागत नाही.

चुना तोलणाऱ्या ज्या मुलीबद्दल वर लिहिलं, ती पाचवीत माझ्याकडे आली तेव्हा तिच्या आईने तिच्यासमोरच सांगितलं होतं, “हिला गणित नाय जमायचं, आमच्यात कुणालाच नाय.” पोर खाली मान घालून बसली होती. तिला पाव, अर्धा, पाऊण यांचे टक्के करता यायला दोन महिने लागले. घरच्या नारळांचा शेकडा मोजताना तिला जमलं. एक ओळ २५ नारळांची, चार ओळींचा शेकडा, तीन ओळी म्हणजे पाऊण, म्हणजे ७५. रक्तात नाही असं म्हणून मी तिला दुसऱ्या आठवड्यात परत पाठवलं असतं तर? त्या निरोपातलं हेच वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं, कारण ते मुलांच्या कानावर पडतं आणि मुलं ते खरं मानतात.

ज्या दोन आयांनी निरोप पाठवला त्यांनी विचारलं, मग किती सराव घ्यायचा? माझ्याकडे रोज दहा गणितं, अर्ध्या तासाची. चार कालची, तीन गेल्या महिन्यातली, दोन उलटी फिरवलेली आणि एक असं, ज्याचं उत्तर काढायच्या आधी अंदाज लिहायचा. अंदाज आणि उत्तर जुळलं नाही तर कोणतं चुकलं ते शोधायचं, मग हवं तर फोनवर पडताळायचं. कालचं दहावं गणित होतं: कच्चा काजू ८० किलो, गर निघाला २२ किलो, उतारा किती टक्के? बोर्डोवाल्या मुलाने आधी लिहिलं, ‘पावापेक्षा थोडा जास्त’. मग भागाकार केला, २७.५.