‘६४ बिटवर ओव्हरफ्लो होतोच कुठे?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, यूजरने दिलेल्या आकड्यावरून हिशेब करताना ओव्हरफ्लो कसा होतो, म्हणजे उत्तर ठरलेल्या जागेत न मावून भलताच आकडा कसा उरतो, यावर माझा लेख होता. त्यावर ‘आता सगळी मशिन्स ६४ बिटची आहेत, ओव्हरफ्लो होतोच कुठे? नागपुरात बसून पोरांना उगाच भेदरवू नका,’ असं तुम्ही लिहिलंत. नुसती शंका असती तर दोन ओळींत उत्तर दिलं असतं. ‘नागपुरात बसून’ कशासाठी? मिहानमध्ये नोकरी करत हार्डवेअरचे ड्रायव्हर लिहिण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, कर्नल पॅनिकचे, म्हणजे सिस्टिम कोसळल्याचे, लॉग रात्र-रात्र चाळलेत. धरमपेठेत रविवारी ज्या पोरांना शिकवतो ती भेदरत नाहीत, प्रश्न विचारतात. आणि नीट भाषेत विचारतात.

एक गोष्ट मान्य. माझ्या उदाहरणात मेमरी मागायला केकॅलॉक होतं, जे मिळालेल्या जागेत शून्यं भरून देतं. लगेच वरून कॉपीच करायची तर आधी शून्यं भरायची गरज नाही, शून्यं न भरणारं केमॅलॉक_अ‍ॅरे पुरे.

आता तुमचे ६४ बिट. यूजरकडून काउंट, म्हणजे नोंदी किती ते, आला २६,८४,३५,४५७ आणि स्ट्रक्चर, म्हणजे एक नोंद, १६ बाइटचं. गुणाकार ४,२९,४९,६७,३१२. साइझ_टी या ६४ बिटच्या प्रकारात तो मावतो, बरोबर. पण लिहिणाऱ्याने तो यू३२ मध्ये, म्हणजे ३२ बिटांत, ठेवला की उरतात फक्त १६! कर्नलमध्ये मेमरी देणारं केमॅलॉक तेवढेच बाइट देतं आणि लूप मात्र मूळ काउंटइतका फिरतो, घेतलेल्या जागेच्या पुढे लिहीत जातो. अ‍ॅक्सेस_ओके हे फंक्शन यूजरने दिलेला मेमरीचा पत्ता तेवढा तपासतं. कर्नलच्या बाजूला जागा किती घेतली, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

आणि यू३२ चं सोडा, सीव्हीई-२०२२-०१८५ ही कर्नलमधल्या एका त्रुटीची नोंद वाचा. फाइल सिस्टिम जोडताना यूजरने दिलेल्या माउंट पॅरामीटरची लांबी तपासताना ‘पेज_साइझ - २ - साइझ’ अशी वजाबाकी होती. पेज, म्हणजे मेमरीचा ठरावीक तुकडा, ४०९६ बाइटचं; साइझ, म्हणजे त्यात आधीच भरलेले बाइट, ४०९५ झाला की उत्तर उणे एक. साइझ_टीला उणे चिन्ह नाही, म्हणून त्याचा अवाढव्य आकडा होतो, कुठलीही लांबी पास होते आणि पेजच्या पुढची मेमरी लिहिली जाते. ही वजाबाकी ६४ बिटचीच होती, साहेब! २०१९ च्या ५.१ पासून २०२२ पर्यंत ती कर्नलमध्ये होती. दुरुस्ती एवढीच, की वजाबाकीऐवजी ‘साइझ + लांबी + २’ पेजपेक्षा मोठं आहे का ते बघायचं.

साइझचा हिशेब करून देणारे अ‍ॅरे_साइझ, स्ट्रक्ट_साइझ हे २०१८ मध्ये कर्नलमध्ये आले ते वरच्या गुणाकारासारख्या चुकांसाठीच. गुणाकार फुटला तर ते सर्वांत मोठा आकडा देतात आणि अ‍ॅलोकेशन तिथेच फेल होतं.

रस्ट ही भाषा आणि कंपायलरच्या वॉर्निंगबद्दल तुम्ही जे लिहिलंय त्यात शिरत नाही, लेख त्यावर नव्हताच. पुढच्या वेळी कोडची ओळ दाखवा, माझं गाव नको.