कृपा म्हणजे उचल नव्हे

महिनाभर आमच्या जालन्यातल्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. ख्रिस्ती लोकांची 'कृपा', म्हणजे देव लायकी न बघता देतो ती माफी, हा पापाचा परवाना, सहा दिवस काहीही करा, रविवारी माफी मागा. शिवाय एकदा घेतली की जन्मभर फेडत बसा. आणि कल्पनाच परकी. आपल्याकडे जसं कर्म तसं फळ. म्हणजे कृपा फुकट आहे म्हणून वाईट, आणि फुकट नाही म्हणूनही वाईट!

आधी परवाना. कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं का, हे येशूचा प्रेषित पौल यानंच बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या 6व्या अध्यायात विचारलंय आणि तिथंच साफ नाही म्हटलंय. बायबलमधलाच जक्कय बघा, लोकांना लुबाडणारा मुख्य जकातदार. येशू 'आज तुझ्या घरी उतरणार' म्हणाला तेव्हा त्यानं कुणाला छदामही परत केला नव्हता. लोक कुरकुरले. मग जक्कय उभा राहून म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना, ज्याला लुबाडलं त्याला चौपट. आधी पाहुणा घरात आला, मग तिजोरी उघडली.

मजकुरात थोडं खरंही आहे. आमच्याच मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, एक गुत्तेदार (ठेकेदार) होता. मजुरांचे दोन आठवड्यांचे पैसे अडकवून पहिल्या बाकावर गीतं म्हणायचा. प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर वाटून घेण्याच्या, एका रविवारी पाळकांनी (धर्मगुरूंनी) मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 5वा अध्याय काढला: भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण वेदीपाशीच ठेव, आधी जाऊन समेट कर. गुत्तेदार भाकर न घेताच उठला. मला वाटलं, मजुरांकडेच निघाला. कसलं काय, दुसऱ्या मंडळीत जाऊ लागला. परवाना हवा होता, मिळाला नाही.

आता फेडीचं. बीड-जालन्याच्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. ऊसतोडीला जाणारी जोडी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेते, आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, तरी ती फिटत नाही. बाकी पुढच्या हंगामावर चढते. मजकूरवाल्यानं कृपेला उचल समजलंय. येशूच्या दाखल्यातला द्राक्षमळ्याचा मालक पहाटेपासून राबलेल्यांना एक दिनार देतो आणि संध्याकाळी पाचला आलेल्यांनाही तोच दिनार, म्हणजे पूर्ण दिवसाची मजुरी. सकाळचे चिडतात. मीही चिडलो असतो. पण ते पाचपर्यंत रिकामे का होते? 'कोणी कामाला लावलंच नाही.' आमच्या मजूर अड्ड्यावर अकरा वाजून गेले तरी डब्याची पिशवी धरून उभा असलेला म्हातारा मी कितीदा पाहिलाय. घरची तोंडं तासाच्या हिशोबानं कमी होत नाहीत.

मग सत्कर्म कशाला? इफिसकरांस पत्रातलं 'कृपेनं तारण (उद्धार), कर्मानं नव्हे' सगळ्यांना पाठ असतं. तो 2रा अध्याय, 8वं आणि 9वं वचन. लगेच 10वं म्हणतं, आपल्याला सत्कर्मांसाठीच घडवलंय. आमचे लोकही तिथवर वाचत नाहीत.

राहिलं परकेपण. 'पसाय' म्हणजे प्रसाद, कृपा. पसायदान मागणारे ज्ञानेश्वर पैठणजवळच्या आपेगावचे. त्यांनी खळांना शिक्षा मागितली नाही, त्यांचा वाकडेपणा जावो म्हटलं. वारकऱ्यांची कृपा आणि क्रुसाशी बांधलेली आमची कृपा एकच, असं मी म्हणणार नाही. तो दोघांवरही अन्याय होईल. पण शब्द परका? पेरणी झाल्यावर पाऊस लागला की आमच्या शेजारचे माळकरी आजोबा ओट्यावरून आभाळाकडं बघत म्हणतात, "कृपा झाली बाबा."