आलेकोची मुलाखत घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी

गेल्या आठवड्यात सोफियातील एका सभागृहात बल्गेरियन लेखक आलेको कोन्स्तान्तिनोव्ह यांची काल्पनिक मुलाखत ऐकण्याचा योग आला. १८९७ साली गेलेले हे गृहस्थ सव्वा तास अखंड बोलले, आणि त्या सव्वा तासात कोणालाही टोचेल असे एक वाक्य त्यांच्या तोंडून बाहेर पडले नाही. त्यांची चिकटवलेली दाढी उजव्या गालावरून सुटत होती. दर दोन प्रश्नांनंतर ते ती अंगठ्याने दाबून घेत होते. आपल्याकडच्या दिवाळी अंकांतील स्वर्गवासी मंडळीही इतकी गोड बोलत नाहीत. आपल्यालाही असा संवाद रचायचा असेल, तर पुढील सूचना जवळ ठेवाव्यात.

लेखक मृतच निवडावा; जिवंत लेखक मानधन मागतात आणि त्याहून वाईट म्हणजे स्वतःची उत्तरे स्वतः देतात.

त्याचे पुस्तक वाचू नये.

संभाषण शक्यतो डोंगरावर न्यावे. १८९५ च्या ऑगस्टमध्ये आलेकोच्या हाकेला ओ देऊन सुमारे तीनशे माणसे व्हितोशा पर्वताच्या चेर्नी व्रह शिखरावर चढली, म्हणून बल्गेरियातील पर्यटन चळवळीचा जनक ही त्याची ओळख फार सोयीची आहे, कारण डोंगरावर बोलल्याने कोणाच्याही भावना दुखावत नाहीत.

बाय गान्योचा, म्हणजे आलेकोच्या पुस्तकातील नायकाचा, विषय टाळता येणारच नाही. पण त्याला गुलाबाच्या अत्तराच्या कुप्या जपत युरोपभर हिंडणारा, व्हिएन्नाच्या स्नानगृहात पाणी उडवणारा, फुकटच्या जेवणावर आडवा हात मारणारा गावंढळ पाहुणा एवढाच ठेवावा. सभागृह खळखळून हसते, कारण प्रत्येकाला शेजारचा माणूस आठवतो. मात्र तो मायदेशी परततो तिथे संवाद आटोपता घ्यावा. पुढे हाच गान्यो दारू पाजून पोसलेल्या गुंडांच्या बळावर निवडणूक जिंकतो, वर्तमानपत्र काढतो, आणि सत्ता ज्याची त्याचे गोडवे गातो. हे वाचून पहिल्या रांगेतील पाहुण्यांना आपल्याच ओळखीची माणसे दिसू लागतात, मग पुढच्या वर्षी सभागृह कोण देणार? त्या दिवशीच्या मुलाखतीत या अर्ध्या पुस्तकाचा उल्लेखही नव्हता. मी प्रश्न विचारायला हात वर केला, तेव्हा निवेदिका म्हणाल्या की वेळ संपली आहे. वेळ संपली नव्हती. त्यानंतर वीस मिनिटे सत्कार चालला होता!

अहो, राजकारणापायी न्यायखात्यातील नोकरीवरून दोनदा काढला गेलेला हा माणूस लेखाखाली सही काय करीत असे, तर 'भाग्यवान'. ही सही ज्यांना कळली नाही, त्यांनी त्याच्या तोंडी शब्द घालावेत? पेश्तेराहून परतताना, बरोबरच्या राजकारण्यासाठी झाडलेल्या गोळीने तो गेला, तेव्हा त्याचे वय चौतीस होते. गोळीने भेदलेले त्याचे हृदय आजही स्विश्तोव्हमधील त्याच्या घरी, संग्रहालयात, जपून ठेवलेले आहे. तुम्ही त्याच्याकडून काय वदवून घेतले, तर आजची पिढी आशादायक आहे आणि प्रस्तुत मुलाखतकार तिचा मुकुटमणी आहे. लाज वाटायला हवी होती. स्वतःची स्तुती करायची असेल तर स्वतःच्या नावाने, स्वतःच्या तोंडाने करा, आणि आधी ती दाढी काढून ठेवा.