चिंचोके मोजायला एम.ए. कशाला?

सर, तुमची कमेंट दोनदा वाचली. डीएड झालंय, टीईटी पास आहे, मग पोरांना चिंचोके मोजायला शिकवायला बालशिक्षणातलं एम.ए. कशाला, बालवाड्या सुरू करणाऱ्या ताराबाई मोडकांनी कुठे केलं होतं, असं तुमचं म्हणणं. पगाराचं आधीच सांगून टाकते, एक रुपया वाढलेला नाही. आणि पहिली सेमिस्टर निव्वळ नोट्स उतरवण्यात गेली, तेही खरंय.

पण चिंचोक्यांचंच घ्या ना. पहिलीतला एक मुलगा, पाच चिंचोके पुढे ठेवले की बोट लावून एक दोन तीन चार पाच असं खणखणीत म्हणायचा आणि मी 'मोजता येते' लिहून मोकळी. एम.ए.च्या प्रॅक्टिकलला म्हणून त्याला पुढचं विचारलं, मग किती आहेत रे? तर गडी परत एकपासून सुरू! तिसऱ्यांदा विचारल्यावर माझ्याकडे असा बघायला लागला की बाईंना ऐकू येत नाही का. म्हणजे शेवटी म्हटलेला आकडा म्हणजेच एकूण, हे त्याला कळलंच नव्हतं, नुसतं पाठ होतं. तेच पाच जरा लांब लांब मांडले तर म्हणतो, आता जास्त झाले. (मुलांची समज कशी वाढते ते सांगणारा पियाजे डीएडलाही होता हो, टीपा लिहा मध्ये.) अशा पोरांना मी बारा वर्षं बेरजा घालत होते आणि येत नाही म्हणून घरून पानभर लिहून आणायला लावत होते.

आणि ताराबाईंचं म्हणाल तर त्या राजकोटला शिक्षिकांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्रमुख होत्या, ती नोकरी सोडून भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या. त्यांची बोर्डी गावातली बालवाडी त्यानंतर, १९४५ ची. शिक्षक घडवणाऱ्या बाईंनाच लहान मुलांसाठी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी वाटली, मग आपलं डीएड तर पहिलीच्या आधीचं फारसं बोलतच नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एकच टप्पा धरलाय, म्हणजे अंगणवाडी आणि आपली पहिली-दुसरी एकाच गाडीत, पण आपण अजून वेगळ्या डब्यात बसल्यासारखे.

आमच्या आवारातच अंगणवाडी आहे, मधे एक भिंत. चिंचोक्यांचा किस्सा तिथल्या ताईंना अगदी रंगवून सांगितला तर त्या म्हणाल्या, "मॅडम, तो आमच्याकडेही असंच करायचा. तुम्ही कधी विचारलंच नाही."